नुसती कॅप त्वचा होते की न्यूरल? ऑर्गनायझर, बीएमपी आणि तुमच्या कंट्रोलबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की झेनोपस या बेडकाच्या ब्लास्टुलाची (पोकळ चेंडूसारख्या कोवळ्या भ्रूणाची) अ‍ॅनिमल कॅप, म्हणजे वरची टोपी, कापून नुसती वाढवली तर तिची त्वचा होते आणि शेजारी ऑर्गनायझर (शेजारच्या पेशींचा मार्ग बदलणारा, भ्रूणाचा पाठीकडचा तुकडा) ठेवला तर न्यूरल, म्हणजे मज्जासंस्थेचं, टिश्यू होतं असं पुस्तकात एका प्रकरणात लिहिलंय, आणि पुढच्याच प्रकरणात म्हटलंय की एक्टोडर्मचा (भ्रूणाच्या बाहेरच्या थराचा, ज्यातून ही कॅप येते) मूळ कल न्यूरल होण्याकडेच असतो. मग दोन्ही एकाच वेळी खरं कसं? त्यात तुमच्या बॅचमध्ये काही कंट्रोल कॅपमध्येच, म्हणजे ज्यांना कोणी काही दिलंच नाही त्यांच्यात, न्यूरल मार्कर (न्यूरल पेशींची ओळख पटवणारं जीन किंवा प्रथिन) दिसतोय. तर मग टिश्यू एकमेकांना सिग्नल देतात हे खरंच आहे की सगळं आपलं आपण होतं?

दिसायला हे दोन प्रश्न आहेत पण मला तो एकच वाटतो. तुम्ही असं धरून चाललाय की कॅप कापून डिशमध्ये ठेवली की तिथे सिग्नल शून्य, आणि मग आपण शेजारी जे ठेवू किंवा द्रावणात जे घालू तोच तिला मिळालेला पहिला सिग्नल. सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. कॅपमध्ये शेकडो पेशी एकमेकींना चिकटून असतात आणि त्यांच्यात बीएमपी नावाच्या प्रथिनाची सतत देवघेव चाललेली असते, एक पेशी ते बाहेर सोडते, शेजारची आपल्या रिसेप्टरवर घेते, आत स्मॅड१ आणि त्याची भावंडं ही निरोप नेणारी प्रथिनं फॉस्फोरिलेट होऊन (फॉस्फेट चिकटून) न्यूक्लियसमध्ये जातात आणि त्वचेची जीन्स चालू होतात. म्हणजे तुमची नुसती कॅप मुळीच एकटी नसते, तिच्या पेशी एकमेकींना त्वचा व्हायला सांगत असतात, आणि ऑर्गनायझर येऊन मुख्यतः करतो काय तर हे बोलणं मधेच तोडतो.

हे नुसतं म्हणणं नाही, याचा पुरावा डिशमध्ये बघता येतो. ग्रुंझ आणि टाके यांनी १९८९ मध्ये झेनोपसच्या कॅपच्या पेशी कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या द्रावणात सुट्या केल्या. लगेच परत एकत्र केल्या तर त्वचाच झाली, पण काही तास सुट्या ठेवून मग एकत्र केल्या तर न्यूरल टिश्यू झालं. बाहेरून घातलेलं काहीच नाही, फक्त पेशींमधला संपर्क तोडला आणि त्यांनी सोडलेलं प्रथिन भोवतालच्या द्रावणात पातळ होऊन गेलं. पुढे १९९५ मध्ये अशाच सुट्या पेशींना बीएमपी४ दिलं तर त्या परत त्वचेकडे वळल्या. त्याच सुमाराला हेमाती-ब्रिवानलू आणि मेल्टन यांनी मेसोडर्म, म्हणजे स्नायू वगैरे होणारा मधला थर, घडवणाऱ्या अ‍ॅक्टिव्हिनचा आतला भाग कापलेला रिसेप्टर भ्रूणात घातला, हेतू होता मेसोडर्म अडवण्याचा आणि ते अडलंही, पण त्या कॅप स्वतःहून न्यूरल झाल्या. त्यातनं मग कळलं की तो रिसेप्टर अ‍ॅक्टिव्हिनसोबत बीएमपीचं कामही रोखत होता.

आता ऑर्गनायझरकडे येऊ, कारण त्याचा इतिहास माहीत असला तर तुमच्या कंट्रोलचं कोडं बरंच सुटतं. १९२४ साली हान्स श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांचा तो पेपर आला. फिकट रंगाच्या न्यूट या शेपटीवाल्या उभयचराच्या कोवळ्या गॅस्ट्रुलामधला (ब्लास्टुलानंतरची, पेशी आत सरकण्याची अवस्था) ब्लास्टोपोरचा, म्हणजे पेशी आत जातात त्या छिद्राचा, पाठीकडचा ओठ (हाच ऑर्गनायझर) काढून तो गडद रंगाच्या दुसऱ्या जातीच्या न्यूटच्या गॅस्ट्रुलात, पोटाच्या बाजूला, बसवला. तिथे दुसरा देह उभा राहायला लागला, नोटोकॉर्ड (पाठीचा आधारदंड), सोमाइट (ज्यांतून स्नायू आणि मणके होतात ते तुकडे), न्यूरल ट्यूब (मेंदू आणि मज्जारज्जूची नळी) सगळं. रंगाच्या फरकामुळे कुठली पेशी कोणाची हे सरळ दिसत होतं, आणि दिसलं असं की नोटोकॉर्ड बहुतेक पाहुण्या तुकड्याचा पण न्यूरल ट्यूब बहुतेक यजमानाच्या पेशींची, म्हणजे ज्या पेशींची पोटावरची त्वचा होणार होती त्यांचीच. प्रयोगाचा खरा जीव या दुसऱ्या गोष्टीत आहे. नुसता दुसरा देह दिसला असता तर कोणी म्हणालं असतं की तुकडा आपला आपण वाढला, पण शेजाऱ्याच्या पेशींनी मार्ग बदलला हे रंगाशिवाय कळलंच नसतं. मांगोल्ड त्याच वर्षी अपघातात गेल्या, वय अवघं २५, आणि श्पेमान यांना १९३५ मध्ये नोबेल मिळालं. हातात सुई घेऊन ते काम कोणी केलं होतं हे विद्यार्थ्यांना सांगायला मी कधी विसरत नाही.

पुढच्या दहाएक वर्षांत मात्र या क्षेत्राची पार दैना झाली. ऑर्गनायझर उकळून, अल्कोहोलमध्ये घालून मारला तरी तो न्यूटच्या एक्टोडर्मला न्यूरल करतो असं आढळलं. मग दुसऱ्या प्राण्यांच्या टिश्यूंचे तुकडे चालतात असं कळलं, मग मिथिलीन ब्लूसारखा साधा रंगसुद्धा चालतो असं कळलं. हजार गोष्टी एकच काम करतात म्हटल्यावर त्यातला खरा रेणू शोधायचा कसा? बार्थ यांनी १९४१ मध्ये दाखवलं की सॅलॅमँडर घराण्यातल्या अ‍ॅम्बिस्टोमाचं एक्टोडर्म काहीही न देता न्यूरल होऊ शकतं, आणि होल्टफ्रेटर यांनी दाखवलं की पेशींना मरणार नाहीत इतपत धक्का बसला, द्रावणाची आम्लता किंवा क्षार जरा बिघडले, की ते एक्टोडर्म न्यूरलकडे झुकतं. आज मागे वळून बघताना याचा अर्थ लागतो. ज्या टिश्यूचा मूळ कल न्यूरल होण्याकडेच आहे आणि ज्याला फक्त शेजाऱ्यांच्या बीएमपीने आवरून धरलंय, तिथे कुठल्याही प्रकारे ती पकड ढिली झाली तरी परिणाम एकच दिसणार. तुमच्या कंट्रोलमध्ये जे होतंय ते त्याच जातीचं असू शकतं. झेनोपसची कॅप न्यूट किंवा अ‍ॅक्सोलॉटलच्या मानाने बरीच खंबीर असते, म्हणून तर हे सगळं शेवटी झेनोपसमध्ये सुटलं, पण ती अगदी दगड नाही.

खरे रेणू मिळाले ते १९९० नंतर. १९९२ मध्ये स्मिथ आणि हारलंड यांना नॉगिन सापडलं, १९९४ मध्ये डी रॉबर्टिस यांच्या लॅबमध्ये कॉर्डिन, आणि फॉलिस्टॅटिनचं न्यूरल काम त्याच वर्षी पुढे आलं. तिन्ही ऑर्गनायझरमधून बाहेर पडणारी प्रथिनं. सगळ्यांची अपेक्षा अशी होती की यांचा पेशीवर कुठेतरी स्वतःचा रिसेप्टर असेल आणि तिथून न्यूरलचा निरोप आत जात असेल. १९९६ मध्ये दिसलं की नॉगिन आणि कॉर्डिन थेट बीएमपीलाच पेशींच्या बाहेर पकडून धरतात, इतकी घट्ट की बीएमपी आपल्या रिसेप्टरपर्यंत पोचतच नाही. सत्तर वर्षं ज्याला आपण निरोप समजत होतो तो निरोप अडवणारा निघाला, आणि मला आजही हा भाग शिकवताना अंगावर काटा येतो.

म्हणजे तुमच्या पहिल्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर असं की दोन्ही प्रकरणं बरोबर आहेत. अख्खी कॅप त्वचा होते कारण तिच्यात बीएमपी चालू आहे. बीएमपी काढून घेतलं तर न्यूरल होते. ऑर्गनायझर शेजारी ठेवणं हा बीएमपी काढून घेण्याचा भ्रूणातला खरा मार्ग आहे आणि पेशी सुट्या करणं हा डिशमधला.

पण इथेच थांबलात तर पुढच्या व्हायव्हात अडचण होईल, कारण पूर्ण भ्रूणात गोष्ट इतकी सोपी नाही. ट्रॉपिकॅलिस जातीच्या झेनोपसमध्ये २००५ साली नॉगिन, कॉर्डिन, फॉलिस्टॅटिन तिन्ही एकदम बंद केले तेव्हा पाठीकडची रचना आणि न्यूरल प्लेट (मज्जासंस्थेचा पहिला पट्टा) गेलीच, पण यातलं एकेक बंद केलं तर नुकसान बरंच कमी असतं, म्हणजे ही प्रथिनं एकमेकांची बाजू सांभाळून घेतात. त्याच वर्षी रिव्हर्साड आणि डी रॉबर्टिस यांनी बीएमपी२, ४, ७ आणि चौथं एडीएमपी अशी चार प्रथिनं एकदम बंद केली, तर जवळपास सगळं एक्टोडर्म न्यूरल झालं. यातलं एडीएमपी मजेशीर आहे, कारण ते बीएमपीच्या घराण्यातलं असूनही ऑर्गनायझरच्या बाजूलाच तयार होतं. कॉर्डिन बीएमपीला पकडतं आणि सोबत घेऊन पोटाकडे सरकतं, तिथे टोलॉइड नावाचं एन्झाइम कॉर्डिन कापतं आणि बीएमपी मोकळं होतं. पाठीकडे बीएमपीची पातळी घसरली की एडीएमपी वाढतं, आणि असा दोन्ही टोकांकडून तोल राखला जातो. श्पेमान यांनी कोवळा भ्रूण केसाच्या फासाने मधोमध आवळून दोन भाग केले तेव्हा ज्या अर्ध्यात पाठीकडचा भाग होता त्यातून लहान पण प्रमाणबद्ध पिल्लू झालं होतं, अर्धवट नाही, ते कसं जमतं याचा धागा इथे हाती लागतो. दुसऱ्या अर्ध्यात, पाठीकडचं काहीच नसलेल्या, नुसता पोटाचा गोळा राहिला होता.

आणि एफजीएफ या दुसऱ्या सिग्नल-प्रथिनाचं प्रकरण अजून पुरतं मिटलेलं नाही. पेशी सुट्या केल्या की नुसतं बीएमपी कमी होतं असं नाही, त्यांच्यात ईआरकेचा, म्हणजे एफजीएफ पेशीच्या आत चालवतं तो, मार्गही बराच वेळ चालू राहतो, आणि ईआरके स्मॅड१ ला आतूनच दाबतो. म्हणजे सुट्या पेशींचा प्रयोग तितका कोरा नाही जितका तो पुस्तकात दिसतो. मी स्वतः असं सांगतो की झेनोपसच्या कॅपमध्ये बीएमपी रोखणं ही मुख्य गोष्ट आहे आणि एफजीएफचा थोडा हात पाठीवर लागतो. कोंबडीच्या भ्रूणावर काम करणारे हेच वाक्य उलट क्रमाने म्हणतील आणि त्यांच्याकडेही कारणं आहेत. प्राणी कुठला, वय काय, यावर हे बरंचसं अवलंबून आहे.

आता जरा मागे जाऊ, कारण ऑर्गनायझर हासुद्धा आकाशातनं पडत नाही, तोही सिग्नलमधूनच तयार होतो, आणि त्याला तयार करणारे सिग्नल तुमच्या कॅपच्या अगदी कडेपर्यंत आलेले असतात. १९६९ मध्ये न्यूकूप यांनी अ‍ॅक्सोलॉटलच्या ब्लास्टुलाची वरची टोपी आणि खालचा बलकाने भरलेला भाग मधलं सगळं काढून एकमेकांना चिकटवले. वरचा भाग एकटा असता तर त्वचा होतो, खालचा एंडोडर्म (आतड्यांचा थर), पण दोघं चिकटले की वरच्या भागातून मेसोडर्म तयार झालं. म्हणजे खालून वर सिग्नल जातो. आता आपल्याला माहीत आहे की अंड्याच्या तळाशी आईने ठेवलेलं व्हेजटी या जीनचं आरएनए असतं, त्याचं प्रथिन बाराव्या विभागणीच्या सुमाराला, साधारण चार हजार पेशी झाल्यावर भ्रूणाची स्वतःची जीन्स जागी होतात तेव्हा, नोडल या सिग्नल-प्रथिनांच्या घराण्याची जीन्स चालू करतं, आणि नोडल वरच्या पेशींना मेसोडर्म करतं. पाठीकडच्या बाजूला याच्या जोडीला बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन असतं, कारण शुक्राणू शिरल्यावर पहिल्या विभागणीच्या आधीच अंड्याची वरची साल आतल्या भागावर साधारण ३० अंश फिरते आणि तळाचा ऐवज शुक्राणूच्या समोरच्या बाजूला नेऊन ठेवते. अंड्याच्या तळाला त्या वेळी अल्ट्राव्हायोलेट मारला तर ते फिरणंच होत नाही, आणि पुढे पाठ नसलेला गोळा मिळतो. जिथे नोडल आणि बीटा-कॅटेनिन दोन्ही जोरात तिथे ऑर्गनायझर.

इथे डोसची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. नोडलऐवजी आपण बहुतेक जण डिशमध्ये अ‍ॅक्टिव्हिन वापरतो कारण ते आत तोच मार्ग चालवतं. ग्रीन आणि स्मिथ यांनी १९९० मध्ये सुट्या पेशींना अ‍ॅक्टिव्हिनचे चढते डोस दिले तर उत्तर हळूहळू बदलत गेलं नाही, पायऱ्या पायऱ्यांनी बदललं, दीडपट फरकसुद्धा पायरी ओलांडायला पुरला. पुढे गर्डन यांच्या गटाने मोजलं की पेशीवरच्या सुमारे पाच हजार रिसेप्टरपैकी शंभरएक, म्हणजे दोन टक्के, भरले की ब्रॅक्युरी (मेसोडर्मचं जीन) चालू होतं आणि तीनशेएक, म्हणजे सहा टक्के, भरले की गूसकॉइड (ऑर्गनायझरचं जीन). दोनशे रिसेप्टरच्या फरकावर एका पेशीचं नशीब बदलतं! म्हणून कोणी मला म्हणालं की आम्ही कॅपला अ‍ॅक्टिव्हिन दिलं आणि असं झालं, तर माझा पहिला प्रश्न किती दिलं हाच असतो.

आणि दुसरा प्रश्न कधी दिलं. सिग्नल तोच, डोस तोच, पण स्टेज ८ किंवा ९ ची (भ्रूणाच्या वाढीचे टप्पे आकड्यांनी मोजतात, ८-९ म्हणजे ब्लास्टुला) कॅप त्यावर मेसोडर्म होते आणि गॅस्ट्रुला पुढे सरकला, साधारण स्टेज ११ च्या आसपास गेला, की तीच कॅप त्याच अ‍ॅक्टिव्हिनकडे ढुंकूनही बघत नाही. न्यूरल होण्याची तयारी त्याहून थोडी जास्त वेळ टिकते आणि मग तीही जाते. माझ्या प्रॅक्टिसमधला अनुभव असा आहे की नवीन मुलं प्रथिनाची बाटली खराब आहे असं म्हणतात तेव्हा बऱ्याचदा बाटली ठीक असते, कॅप उशिरा कापलेली असते. २३ अंशांना स्टेज ८ पाच तासांनी येते, स्टेज ९ सात तासांनी आणि स्टेज १० नऊ तासांनी, म्हणजे कापायला मिळणारी खिडकी तीन-चार तासांची आहे. खोली थंड असेल, १६ अंश वगैरे, तर हे सगळं ताणलं जातं, त्यामुळे घड्याळावर जाऊ नका, त्याच मादीच्या त्याच वेळच्या न कापलेल्या भावंडांची स्टेज बघा आणि वहीत तासांऐवजी तीच लिहा.

आता तुमच्या कंट्रोल कॅप. तुम्ही फोटो दिलेला नाही आणि कुठला मार्कर कसा बघितला तेही लिहिलेलं नाही, त्यामुळे मी ज्या क्रमाने संशय घेतो तोच क्रम सांगतो.

पहिला संशय कॅप मोठी कापल्याचा, आणि माझ्या मते दहातल्या बहुतेक वेळा दोष हाच असतो. ब्लास्टुलाचं छत पातळ असतं आणि कडेकडे जाताना जाड होत जातं, त्या जाड पट्ट्यातल्या पेशींना खालून नोडल आधीच पोचलेलं असतं. तुमच्या तुकड्यात त्या पट्ट्याची एक फीत जरी आली तरी तुमच्या कंट्रोलमध्ये मेसोडर्म आलं, पाठीकडची फीत असेल तर चक्क ऑर्गनायझर आला, आणि मग तो बाकीच्या कॅपला न्यूरल करणारच. कापल्यावर तुकडा उलटा करून आतली बाजू वर आणा आणि मोठेपणा वाढवून कडा बघा. चांगल्या कॅपची कड सगळीकडे सारखी पातळ, आतल्या पेशी लहान आणि एकसारख्या. एका बाजूला मोठ्या, पांढुरक्या, बलकाने फुगलेल्या पेशी दिसल्या तर तो तुकडा टाकून द्या, कापून नीट करत बसू नका. भ्रूण सव्वा मिलिमीटरच्या आसपास असतो, त्यात अर्ध्या मिलिमीटरहून मोठी बाजू घेण्याचा मोह टाळा. व्हिटेलाइन मेम्ब्रेन (भ्रूणाभोवतीचा पातळ पापुद्रा) काढताना चिमटा खालच्या पांढऱ्या बाजूने लावा म्हणजे चिमटा बोचला तरी वरच्या टोपीला धक्का लागत नाही. डिशच्या तळाला जेलीसारखं अ‍ॅगरोज हवंच, नाहीतर कॅप प्लास्टिकला चिकटून पसरते आणि मग ती कॅप राहत नाही.

हा संशय खरा की खोटा ते मार्करच सांगतो, फक्त न्यूरल मार्कर एकटा बघायचा नाही. एनकॅम हा न्यूरल मार्कर आणि त्याच्या सोबत मेसोडर्मची खूण असलेलं मसल अ‍ॅक्टिन दोन्ही लागले तर आधी मेसोडर्म झालं आणि त्याने न्यूरल केलं असं धरा. एनकॅम आहे आणि मसल अ‍ॅक्टिन अजिबात नाही, तर न्यूरल थेट झालं. नॉगिनने कॅप थेट न्यूरल होते हे १९९३ मध्ये याच तर्काने सिद्ध झालं. एपिडर्मल केराटिनही (त्वचेचा मार्कर) त्याच नमुन्यात बघा, ते घसरलंय की जागेवर आहे यावरून कळतं की कॅपचा किती भाग वळला.

दुसरा संशय मार्करचाच. सॉक्स३ (हाही न्यूरल मार्कर) वापरत असाल तर सांभाळून, त्याचं आरएनए आईकडूनच अंड्यात आलेलं असतं आणि कोवळ्या एक्टोडर्ममध्ये ते तसंही सापडतं. लवकर गोळा केलेल्या कॅपमध्ये ते दिसलं म्हणून कॅप न्यूरल झाली असं होत नाही. न कापलेली भावंडं न्यूरुला (न्यूरल ट्यूब बनण्याची अवस्था) ओलांडून पुढे जाईपर्यंत थांबा. आणि तुम्ही दहा-पंधरा कॅप एका ट्यूबमध्ये घालून आरटी-पीसीआर (आरएनए ओळखण्याची चाचणी) करत असाल तर त्यात एकच कॅप बिघडलेली असली तरी पट्टी उमटते आणि तुम्हाला वाटतं सगळ्याच थोड्या थोड्या न्यूरल आहेत. काही कॅप वेगळ्या काढून त्यांच्यावर इन सिटू (जीन कुठे चालू आहे ते टिश्यूतच रंगाने दाखवणारी पद्धत) करून बघा, रंग एका कॅपमध्ये गच्च आणि बाकी कोऱ्या असं असेल तर तो कापण्याचा दोष, सगळ्यांत विरळ विरळ असेल तर द्रावणाचा किंवा मार्करचा.

तिसरा संशय जखमेचा आणि द्रावणाचा. कापताक्षणी कडेच्या पेशींमध्ये ईआरके भडकतो हे माहीत आहे. कॅप पटकन गोळा होऊन मिटली तर ते शमतं, पण बोथट सुरीने ओरबाडलेली कॅप, किंवा कॅल्शियम कमी पडलेलं द्रावण जिथे कडा मिटतच नाहीत आणि पेशी गळत राहतात, तिथे तुम्ही नकळत ग्रुंझ आणि टाके यांचाच अर्धा प्रयोग करत असता. डिशमध्ये कॅपभोवती सुट्या पेशींचा चुरा दिसतोय का ते बघा. दिसत असेल तर आधी द्रावण नव्याने बनवा, मग बाकीचं.

पीसीआरपर्यंत न जाताही डोळ्यांना बरंच कळतं, फक्त रोज डिश बघायला हवी. खरी त्वचा झालेली कॅप गोल राहते, पृष्ठभाग जरा सुरकुततो, आणि पुढे त्यावर सिलिया (हलणारे बारीक केस) आले की तो गोळा डिशमध्ये आपला आपण सावकाश फिरायला लागतो, ते बघताना फार छान वाटतं. कॅप लांब होऊन शेंगेसारखी ताणली गेली तर त्यात मेसोडर्म आलंय असं जवळजवळ नक्की समजा. आणि एका टोकाला गडद, चिकट ठिपका आला तर ती सिमेंट ग्रंथी, बीएमपी थोडं खाली गेल्याची खूण, बीएमपी रोखलेल्या कॅपमध्ये ती बऱ्याचदा दिसते.

आतापर्यंतचं एकत्र बांधायचं तर: कॅप सिग्नलविना नसते, तिच्यात बीएमपी चालू असतं, ऑर्गनायझर ते अडवतो, तो ऑर्गनायझर आधीच्या नोडल आणि बीटा-कॅटेनिनमधून आलेला असतो, आणि कुठलाही सिग्नल काय करेल हे डोस आणि घेणाऱ्या पेशीचं वय मिळून ठरवतात. तुमच्या कंट्रोलमधलं न्यूरल हे यातल्या कुठल्यातरी एका कडीतून निसटलेलं आहे, त्यावरून सिग्नल खोटा ठरत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर पुढच्या बॅचला एकाच मादीच्या अंड्यांमधून स्टेज ८ ला कॅप कापून तीन ढीग केले असते. एक ढीग अख्ख्या कॅपचा. दुसऱ्यातल्या पेशी सुट्या करून चार-पाच तास तशाच ठेवून मग एकत्र केलेल्या. तिसरा दुसऱ्यासारखाच, पण सुट्या असतानाच बीएमपी४ दिलेला. तिन्हींत केराटिन, एनकॅम आणि मसल अ‍ॅक्टिन. पहिल्यात केराटिन, दुसऱ्यात एनकॅम आणि तिसऱ्यात परत केराटिन आलं तर तुमचे हात आणि तुमची अंडी दोन्ही ठीक आहेत. पहिल्यातच एनकॅम आलं आणि सोबत मसल अ‍ॅक्टिन असेल तर कॅप लहान कापा. मसल अ‍ॅक्टिन नसेल आणि तरी एनकॅम असेल तर कॅप कुठल्या स्टेजला कापली, द्रावणात कॅल्शियम किती, किती कॅप एकत्र केल्या आणि काम झेनोपसच्या लेव्हिस जातीवर आहे की ट्रॉपिकॅलिसवर एवढं इथेच लिहा, म्हणजे त्यावर पुढे नेमकं बोलता येईल.